आमचे फोरमन

सत्त्याण्णव साली मी वडखळच्या एका वर्कशॉपात लागलो. आमचे फोरमन रोह्याचे ख्रिस्ती गृहस्थ होते. राग आला की ते चष्मा पुसत पुटपुटत प्रार्थना करायचे आणि मगच बोलायचे.

एकदा माझ्याकडून शाफ्ट चुकीचा कापला गेला. "मी नाय कापला," मी रेटून सांगितलं. त्या दिवशी मात्र ते सगळ्यांसमोर मला नको ते बोलले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "काल माझं मन ताब्यात नव्हतं. ज्याला स्वतःला आवरता येत नाय, त्यानं तुम्हाला काय सांभाळायचं? प्रभूची माफी मागितली, आता याची मागतो."

मला राहवलं नाही. "साहेब, शाफ्ट मीच कापला."

"ते कालच कळलं होतं रे," ते म्हणाले. "पण राग तर माझाच होता ना."