मुळावरचा नंबर

सुषमाताईचे यजमान, आमचे लक्ष्मण दाजी, नवागामच्या शाळेत मराठी शिकवायचे, पण जीव सगळा आकड्यांत अडकलेला. बसचं तिकीट हातात आलं की आधी त्याच्या नंबराला कशानं भाग जातो ते बघणार, मग बसायला जागा. ज्याला कशानंच भाग जात नाही अशी मूळ संख्या सापडली की त्या दिवशी घरात जिलेबी. आम्हाला त्या संख्येतलं गोड काही कळायचं नाही, जिलेबीतलं कळायचं.

पंच्याण्णव साली घरी टेलिफोन आला. नंबर ५१०५११. दाजी हरखले. याहून एकानं लहान आकड्याला दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, सगळ्यांनी भाग जातो. म्हणजे आपल्या नंबरात दर वेळी एक उरणारच. सतराच्या पुढं बघायचा मात्र त्यांना कंटाळा आला.

त्याच आठवड्यात, रविवारी, बारडोलीहून दगाआप्पा सोनवणे मुलाला घेऊन ताईच्या लेकीला, आमच्या वर्षाला बघायला आले. योगेंद्र साखर कारखान्यात नोकरीला, शांत मुलगा. चहा गाळताना वर्षा मला हळूच म्हणाली, "मावशी, मला पसंत आहे." अडचण एकच, तिची जन्मवेळ कुणी टिपली नव्हती, त्यामुळे पत्रिका नव्हती.

पाहुण्यांना बसवून दाजी "आलोच" म्हणत आत गेले. आप्पांनी कप तोंडाला लावला आणि आतून आवाज आला, "सुषमा, मूळ आहे, नक्की मूळ."

कप बशीत परत गेला. "पोर मुळवर शे का?" आप्पांनी विचारलं. मूळ नक्षत्रावरची सून सासऱ्याच्या मुळावर येते म्हणतात, आणि इथं होणारे सासरे तेच.

दाजी भागाकाराचा कागद घेऊन धावत बाहेर आले, मूळ संख्या समजावू लागले. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला एका शब्दानं पुरतं पकडलं होतं.

"फोनना नंबर कधी मुळवर राहस का, मास्तर?" म्हणत आप्पांनी चपला पायात घातल्या.

मला रडू यायचंच बाकी होतं. वर्षा मात्र खाली बसली आणि दाजींच्याच कागदावर भागाकार करू लागली. "बाबा, एकोणीसनं भाग जातो. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर. बाकी शून्य."

दाजींनी कागद ओढला, पुन्हा भागून पाहिलं आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. "सतरापर्यंत आलो होतो गं," एवढंच म्हणाले.

आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. खोटं बोलणाऱ्याला असं दुःख होत नाही, हे त्यांना पटलं असावं. त्यांनी चपला काढल्या आणि चहा जरा गरम करून मागितला.

लग्न झालं. पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला दाजी स्वतः गेले. आणायला येणाऱ्याला आमच्याकडे मूळ म्हणतात. बारडोलीच्या दारात दाजी नुसतेच उभे. तो शब्द काढायची छातीच होईना.

शेवटी मूळ आल्याची हाक आप्पांनीच आत दिली, "वर्षा, मूळ उनं व. या येळे खरं शे."

दाजींनी जिलेबीचा पुडा पुढे केला.