किती बायका होत्या?

कुंभार पिंपळगावात जिनेंद्रच्या मेडिकलवर त्याची बायको एकता बसली, की गिऱ्हाइकाला गोळीआधी सवाल मिळायचे. गिऱ्हाईक नसलं की ही बाई औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडून बसायची. मुंगीएवढी अक्षरं, कोण वाचतं हो? एकता वाचायची.

औषध कंपनीचा माणूस मिथुन आला की त्याचं काही खरं नसायचं. "हृदयाची ही गोळी ज्यांच्यावर तपासली, त्यांत किती बायका होत्या?" दहा वर्षांत मिथुनला हे कुणी विचारलं नव्हतं. महिनाभर टाळून त्यानं आकडा आणला, शंभरात वीस. "मंग बाकीच्या बायांचं कसं कळतं?" मिथुन चहा न घेताच सटकला. एकतानं स्वतःच शोधून वाचलं. बाईला झटका येताना छाती कधी कधी किरकोळच दुखते. जबडा, पाठ, मळमळ, घाम, हेच पुढं असतं. आणि घरचे म्हणतात पित्त. आपण किती जणींना पित्ताची गोळी दिली असेल, या विचारानं तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

जैनांच्या पर्युषणात सासूबाईंनी, संतोषबाईंनी, आठ दिवसांचा उपास धरला. नुसतं उकळलेलं पाणी. पाचव्या सकाळी त्या जबड्याला हात लावून बसलेल्या.

"तपाचं पित्त आहे," सासरे उत्तमचंद म्हणाले. घरानं माना डोलावल्या.

एकता जवळ बसली. "मम्मीजी, पाठ दुखून राह्यली का? घाम येतो?"

"चौकशी दुकानात कर. तीनच दिवस राह्यले." आपलं तप कच्चं निघालं, असं कुणी म्हणू नये एवढीच त्यांची धास्ती.

एकताला भीती वाटत होती, पण डोकं जागेवर होतं. "ईसीजी काढायला तोंडात काही घालावं लागत न्हाई. उपास बिलकुल मोडत न्हाई."

संतोषबाई पदर सावरून उठल्या. जिनेंद्रनं गाडी थेट जालन्याला नेली. ईसीजी वाईट निघाला. मग उपास मोडलाच, पण बंद पडलेली नस उघडली.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर आकांक्षा एक फॉर्म घेऊन आल्या. हृदयाच्या रुग्णांचा अभ्यास चालला होता, सही हवी होती. "घरच्या बाईचं नाव कशाला त्यात?" उत्तमचंद म्हणाले.

संतोषबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. "आतापर्यंत किती बायका झाल्या?"

"आठ. पुरुष एकेचाळीस."

संतोषबाईंनी पेन मागून घेतला. "नववी लिहा. अन् जबडा उपासाच्या पाचव्या न्हाई, तिसऱ्या दिवसापासून दुखत होता, तेबी लिहा. मी कुणाला सांगितलं नव्हतं."