बारदानवाल्या आबांचं ग्राउंड

क्लबच्या ट्रॉफ्या कपाटात जातात आणि किस्से चहाच्या टपरीवर जमतात. आमच्या नगरच्या फुटबॉल क्लबात ट्रॉफ्या मोजक्याच, किस्से मात्र उदंड! त्यातले निम्मे तरी आबा ठोकळांचे. मी जन्मलो तेव्हा आबा क्लबचे अध्यक्ष होते. मी गोलकीपर झालो तेव्हाही तेच, आणि गुडघा गेल्यावर मला सेक्रेटरी केलं तेव्हाही तेच. गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. तेव्हापासून टपरीवर दोघं भेटले की आबांचा विषय निघालाच म्हणून समजा.

गंमत म्हणजे हा माणूस आयुष्यात एकदाही फुटबॉल खेळला नाही!

*

मार्केट यार्डाजवळ आबांचं बारदानाचं दुकान. मागे मोकळं मैदान. तिथे पोरं खेळायची, पण गोलाला जाळी नव्हती. गोल झाला की बॉल थेट दुकानात, गिऱ्हाइकाच्या अंगावर! एक दिवस आबा बॉल काखेत मारून भांडायलाच आले.

"जाळी लावत न्हाई तवर बॉल मिळायचा न्हाई!"

"जाळी आणायची कुठून, आबा?"

आबा तसेच वळले. परत दुकानात गेले आणि पोत्याच्या सुतळीची जाळी स्वतःच विणायला बसले. पुढच्या मॅचला ती बांधली. गोल झाला, बॉल जाळीत अडकला, आणि सगळ्यात आधी आबाच नाचायला लागले! पोरांनी त्याच संध्याकाळी त्यांना अध्यक्ष केलं. दुसरा उमेदवार नव्हता, आणि पुढेही कधी झाला नाही.

*

आबांना एकच धास्ती असायची, ग्राउंड हातचं जाईल. जागा सरकारी, त्यात मोक्याची. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक, ज्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणतात, त्यांना तिथे मंगल कार्यालय दिसायचं.

"आबा, एवढी जागा नुसती पडून हाय!"

"पडून कुठंय, भाऊ? सांच्याला या, पोरं पळत्यात तिच्यावर."

एकदा भाऊंनी मुंबईच्या मोठ्या साहेबांची सभा ग्राउंडवर ठेवली. मांडववाला म्हणाला, गोलपोस्ट उपटावे लागतील. आबांनी ओळखलं, एकदा उपटलेला खांब परत रोवू देणार नाहीत.

"खांब कशाला उपटता? स्टेज खांबाच्या मधीच बांधा की! आयती कमान हाय!"

मांडववाल्याची मेहनत वाचत होती, त्याला लगेच पटलं. साहेबांनी गोलात उभं राहून तासभर भाषण ठोकलं. मागे जाळी, वर बॅनर! पुढच्या रांगेत बसलेली आमची टीम "पेनल्टी! पेनल्टी!" ओरडत होती. साहेबांनी हसून दोन्ही हात हलवले.

*

आबांना ऑफसाईड समजायला बरीच वर्षं लागली. पण एकदा समजल्यावर त्यांच्याइतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही. मॅच बघायला राहुरीकडचे शेतकरी पाहुणे आले होते. गोल रद्द झाल्यावर ते रेफ्रीवर खवळले. आबा म्हणाले, "आवं, मालक यायच्या आधीच कुनी त्याच्या रानात घुसून बसलं, तर त्याला काय म्हनायचं?"

"चोर!"

"मंग? शिट्टी वाजनारच की!"

पाहुण्यांना एकदम पटलं. पुढे दिवसभर ते स्वतःच ऑफसाईड पकडत होते, रेफ्रीच्या आधी!

*

आमच्या क्लबची एक पद्धत आहे. पाहुण्या टीमला मॅच झाल्यावर शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी. आमटी अशी की खाणाऱ्याच्या कानातून धूर निघतो. एका वर्षी पुण्याची तगडी टीम आली, आणि आमचा कॅप्टन पप्पू याने डोकं चालवलं. त्याने पाहुण्यांना मॅचच्या आधीच जेवायला बसवलं! वर आग्रह, "घ्या हो, अजून एक वाटी, लाजू नका!"

पुणेकर मैदानात उतरले ते पोट धरूनच. आबांच्या लक्षात आलं. मॅच थांबवून ते थेट मध्यावर गेले. एवढे चिडलेले आबा आम्ही कधी पाहिले नव्हते.

"पाव्हन्याला जेवू घालून हरवता व्हय रं? चला, तुमीबी बसा पंगतीला. तेवढ्याच वाट्या! मंग खेळा!"

आमची अख्खी टीम घाम पुसत आमटी प्याली. त्यानंतर जी मॅच झाली तिला मॅच म्हणणं अवघड आहे. सगळे नुसते उभे होते! बॉल कुणाजवळ आला की तो दुसऱ्याकडे बघायचा. शून्य-शून्य. पण पुण्याची ती टीम दरवर्षी न बोलावता येते आणि जेवण आधी की नंतर, एवढं मात्र फोन करून विचारते.

*

मुलींची टीम काढली तेव्हा त्यातल्या कविताचे वडील सुप्याहून तिला घरी न्यायला आले. रागाने लाल. आबा म्हणाले, "न्या की. पन तिला पकडून न्या. पकडलीत तर तुमची, न्हाई तर माझी."

ते पोरीच्या मागे लागले. अर्ध्या मैदानातच धाप लागून खाली बसले. कविता वळून आली, वडिलांना पाणी दिलं आणि परत खेळायला गेली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग आबांना म्हणाले, "लई पळती हो!"

"तेच तर सांगतोय!"

आज कविता शाळेत कोच आहे. बाहेरगावी मॅच असली की मुलींचा टेम्पो तिचे वडीलच चालवतात. मला विचाराल तर आमच्या कुठल्याही कपापेक्षा या टेम्पोचा मला जास्त अभिमान आहे.

*

आणि आता आबांचा दहावा.

आमच्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं असतात. सीना नदीच्या काठी सगळा क्लब जमला होता, म्हातारे, पोरं, पोरी, पुण्याची टीमसुद्धा. भाऊंनी माईक हातात घेतला. "आबांच्या स्मरणार्थ त्याच ग्राउंडवर भव्य सभागृह बांधू! आबांचंच नाव देऊ!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ज्या ग्राउंडसाठी माणूस जन्मभर जीव टाकत होता, ते त्याच्याच नावाने चाललं होतं. आणि दहाव्याच्या जागी भांडायचं तरी कसं?

पिंड ठेवले. समोर लिंबावर कावळे बसले होते, पण एक हलेना. मुलगा हात जोडून म्हणाला, "आबा, आईला सांभाळीन." कावळा नाही. पप्पू रडत म्हणाला, "आबा, औंदा कप आनतो." कावळा नाही. भटजी घड्याळ बघायला लागले. ऊन चढलं.

मग आबांची बायको, आमच्या माई, उठल्या. त्या क्लबच्या बाबतीत कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"भाऊ, तुमचं ते सभागृह मागं घ्या बरं."

सगळा घाट भाऊंकडे बघायला लागला. भाऊ कसनुसं हसले. "बरं माई, ऱ्हायलं ते सभागृह."

कावळा नाही.

"असं न्हाई. माईकवर म्हना. ग्राउंड मोकळं ऱ्हाईल. फुटबॉललाच ऱ्हाईल."

भाऊंनी लिंबाकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, आणि माईक तोंडाशी धरला. "आबा, ग्राउंड मोकळं राहील. फुटबॉललाच राहील. माझा शब्द!"

एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

दहाव्याला टाळ्या वाजलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. शिट्ट्यासुद्धा! भाऊंनी घाम पुसत माईक माझ्या हातात दिला आणि कानाशी येऊन हळूच विचारलं, "खरं सांग सेक्रेटरी, तो कावळा तुमच्या क्लबचा मेंबर हाय का रं?"