मामांची पाचशे सीसी

लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझं आणि सासऱ्यांचं बोलणं म्हणजे "या पाहुणे", "बसा" आणि "चहा घ्या" एवढंच होतं. ते सुरतजवळ चलथाणच्या साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होते आणि निवृत्त झाल्यावर तिथंच दोन खोल्या बांधून राहिले होते. मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर किचनला होतो, म्हणजे कापडाचे रंग जिथं मोजून कालवतात त्या खोलीत. राहायला नवागामला. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागं सरावंच लागतं. माझे वडील सांचे, म्हणजे यंत्रमाग, चालवायला जळगावकडून इथं आलेले, सासरे शिरपूरकडचे. घरात ते अहिराणी बोलायचे, माझ्याशी मात्र सरकारी पत्रासारखी मराठी. मी त्यांना मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी, पण मामा म्हटलं की त्यापुढं वाक्य सुचायचं नाही.

एका रविवारी दुपारी बायको आणि मामी शेजारच्या बारशाला गेल्या आणि आम्ही दोघंच घरात उरलो. टीव्हीवर काहीतरी चालू होतं. दोघंही ते बघत नव्हतो. बऱ्याच वेळानं मामा उठले आणि म्हणाले, "या जरा मागं."

मागं पत्र्याची शेड होती. तिथं लाकूडफाटा असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मामांनी ताडपत्री ओढली. खाली एक मोटरसायकल होती. तशी गाडी मी कधी बघितली नव्हती. सीट माझ्या कमरेपर्यंत उंच, टाकी अरुंद, हेडलाइट नाही, हॉर्न नाही, नंबर प्लेट नाही. सिलिंडर पितळी हंड्याएवढा. सायलेन्सरचा पाइप पुढून निघून मध्येच फुगलेला, गिळलेला घास अजून पोटात असलेल्या अजगरासारखा.

"पाचशे सीसी," मामा म्हणाले. "टू-स्ट्रोक. एकच सिलिंडर." एखाद्या नातेवाइकाची ओळख करून द्यावी तसं ते बोलले.

मग स्टुलावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा आवाज सलग ऐकला. सुरतच्या एका मिलमालकानं ही गाडी परदेशातून बोटीनं आणवली होती, मातीतल्या शर्यतींसाठी. पहिल्याच आठवड्यात किक उलटी आली आणि त्याचा घोटा मोडला. मामा तेव्हा ऐन तारुण्यात होते. सुट्टीच्या दिवशी धुळ्याच्या मैदानात देशी टू-स्ट्रोक गाड्या पळवायचे आणि बहुतेक वेळा जिंकायचे. मालकानं त्यांना बोलावून घेतलं. पुढं काही हंगाम मामांनी ती गाडी नाशिकला पळवली, कोल्हापूरला पळवली. मग खांद्याचं हाड मोडलं, लग्न झालं, आणि मामींनी एकदाच सांगितलं की आता नाही. मिल बंद पडली तेव्हा मालक म्हणाला, ही तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, घेऊन जा. तेव्हापासून ती शेडमध्ये होती. पिस्टन आत जाम झाला होता.

"सुरू होईल?" मी विचारलं.

मामा स्टुलावरच माझ्याकडं वळले. "तुम्हाला गाड्यांचं वेड आहे का पाहुणे?"

"तसं काही नाही मामा. पण ही सुरू झालेली बघायचीय."

त्यानंतरचा काळ मी आजही मनात पुन्हा पुन्हा चालून येतो. सिलिंडर आम्ही उधन्याच्या एका लेथवाल्याकडून बोर करून घेतला. पिस्टन राजकोटहून करवून आणला. पहिला बसला नाही, दुसरा बसला. मिलमध्ये मी रंग कालवत असताना फोन वाजायचा आणि पलीकडून मामा म्हणायचे, "पाहुणे, रिंगा आल्या." बस. फोन बंद. पण त्या दोन शब्दांनी माझा अख्खा दिवस सरळ जायचा. शनिवारी संध्याकाळी मी बायकोला म्हणायचो, उद्या चलथाणला जाऊ. ती माझ्याकडं बघून हसायची. माहेरी जायची घाई नवऱ्यालाच जास्त, असं गल्लीतल्या बायका तिला चिडवायच्या.

पेट्रोलमध्ये मामा शर्यतीचं एरंडेल घालायचे. दुसरं तेल चालणार नाही, म्हणायचे. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही, म्हणून कॅन हातात धरून सतत हलवावा लागे. ते काम माझ्याकडं होतं. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा शेडमध्ये निळा धूर भरला आणि त्या धुराला तळणीचा आणि औषधाचा मिळून एक गोडसर वास होता. आवाज एवढा झाला की पत्रे थरथरले. मामी हातात लाटणं घेऊनच बाहेर आल्या. मामांनी गाडी बंद केली आणि खाली मान घालून उभे राहिले. मामींनी लाटण्यानं धूर बाजूला सारला. मग म्हणाल्या, "घरमा नको. वावरमा लई जा." आणि आत गेल्या. शेतात न्या, घरात नको, एवढंच. मामांची बहुतेक याहून मोठ्या भांडणाची तयारी होती.

शेत एका गुजराती शेतकऱ्याचं होतं, कालव्याच्या पलीकडं. मामांची कारखान्यापासूनची ओळख. ऊस तोडून झाला होता, पाचट जाळलं होतं, आणि जमीन पुढच्या पिकासाठी मोकळी पडली होती. "फेरवो ने काका," तो म्हणाला, "खेतर तो खालीज छे." फिरवा की, शेत रिकामंच आहे.

तिथं मी मामांना गाडी चालवताना पहिल्यांदा बघितलं. गच्चीचा जिना चढताना कठडा धरणारा माणूस. त्यांनी कारखान्याचे जुने जाड बूट घातले, किक हळू दाबत नेली, जिथं आतून विरोध लागला तिथं थांबले, जराशी पुढं सरकवली, आणि मग सगळं वजन एकदम टाकलं. दुसऱ्या किकला गाडी बोलली. मग ते फूटरेस्टवर उभे राहिले, कोपरं बाहेर काढली आणि निघाले. सुरुवातीला ती गाडी नुसती गुरगुरत जाते, अंगात काही आहे असं वाटतच नाही. आणि मग एका क्षणी सगळं एकदम येतं. मागच्या चाकातून काळ्या मातीचा पंखा उठला, पुढचं चाक जमिनीवरून सुटलं, आणि माझे सासरे बांधाच्या दिशेनं लहान लहान होत गेले. वळणावर त्यांनी डावा पाय पुढं टाकला आणि अख्खी गाडी आडवी घसरवत फिरवली. मला ओरडावंसं वाटलं. बहुतेक मी ओरडलोही.

मग माझी पाळी. "तिला हातांनी धरू नका," मामा म्हणाले. "गुडघ्यांनी धरा. हात मोकळे पाहिजेत."

मी अर्थातच हातांनी धरली. ती गुरगुरत होती तोवर मला वाटलं, एवढंच? मी मूठ जरा जास्त पिळली. पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. हात खांद्यातून ओढले गेले, आभाळ समोर आलं, आणि मग मी पाण्याच्या चारीत उताणा पडलो होतो. गाडी पलीकडं आडवी होऊन बंद पडली होती. मामा धावत आले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी अहिराणीत बोलले. "काय व्हयनं? कुठे लागनं का?"

"नाही," मी म्हणालो. तोंडात माती होती.

ते हसायला लागले. गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही चारीत पडल्या पडल्या हसलो. त्यानंतर ते माझ्याशी पत्रातल्यासारखी मराठी कधी बोलले नाहीत.

तो हिवाळा आणि त्यानंतरचे दोन. दर रविवारी सकाळी. हळूहळू मला ती गाडी जमायला लागली. मामांसारखी नाही, पण जमायला लागली. आपल्या पोटाखाली एवढी ताकद आहे आणि ती आपल्या मनगटाच्या एका वळणाला उत्तर देते, ही गोष्ट एकदा अंगानं अनुभवली की बाकीच्या दिवसांना चव राहत नाही. सोमवारी मी मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनच्या वाफेत उभा असायचो, तळहात दुखत असायचे, आणि ते दुखणं मला जाऊ द्यायचं नसायचं.

एकदा बायको आमची न्याहारी घेऊन शेतावर आली. कळण्याची भाकरी आणि ठेचा. आम्ही खात असताना ती गाडीभोवती फिरत होती. लहानपणी मामा तिला टाकीवर पुढं बसवून शेडबाहेर ढकलत न्यायचे, गाडी बंदच असताना. तोंडानं आवाज ती स्वतः काढायची.

मामांनी भाकरी खाली ठेवली. "बसतीस?"

"आबा, मी स्कूटरवाली."

"मग? क्लच आणि गिअर दाखवतो."

तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली. मामांचे बूट तिला मोठे झाले, म्हणून आत माझे मोजे कोंबले. गाडी मी सुरू करून दिली. ती शेताच्या कडेनं एक फेरी अगदी सावकाश गेली. दुसरी फेरीही तशीच. तिसऱ्या फेरीला लांबच्या बाजूला गेल्यावर आवाज बदलला. मामा उठून उभे राहिले. मी उठलो. पुढचं चाक उचललं गेलं, खाली आलं, आणि इंजिनाच्या आवाजाच्याही वर आम्हाला तिची किंकाळी ऐकू आली. ती भीतीची नव्हती. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एवढी धूळ होती की फक्त दात आणि डोळे दिसत होते. अशी मी तिला कधी बघितली नव्हती.

"अजून एक फेरी?" मी विचारलं.

ती खाली उतरली. टाकीवर एकदा हात फिरवला. "नको," म्हणाली. "एवढं आवडलं तर घरी कसं जायचं?"

ती पुन्हा कधी गाडीवर बसली नाही. मी बऱ्याचदा विचारलं. तिनं दर वेळी विषय बदलला.

मग शेतकऱ्यानं जमीन विकली. पुढच्या हिवाळ्यात आम्ही गेलो तर तिथं चुन्याच्या रेषा मारलेल्या होत्या, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कपड्याच्या गोदामाची भिंत उभी होती. दुसरी जागा शोधली, पण कुठं कुंपण, कुठं वस्ती, कुठं कुणाचा नकार. तापीच्या वाळूत एकदा नेली, पण तिथं फिरायला येणारी माणसं होती आणि मामांना ते पटलं नाही. एवढ्यात मामांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, मग चमचा हातात राहीना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गाडी पुन्हा ताडपत्रीखाली गेली.

ती मला मिळेल असं मी मनात धरलं होतं. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण धरलं होतं.

एक दिवस मामा म्हणाले, कोल्हापूरहून माणूस येतोय. मामांबरोबर जुन्या काळी शर्यतीत असलेल्या एकाचा मुलगा. तिकडं जुन्या गाड्यांच्या शर्यती पुन्हा व्हायला लागल्या होत्या. तो टेम्पो घेऊन आला. मामांनी त्याला फक्त एवढंच सांगितलं की सुरू करून दाखव. त्यानं किक हळू दाबत नेली, थांबला, जराशी सरकवली, आणि दुसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. मामांनी मान हलवली. आम्ही सगळ्यांनी मिळून ती टेम्पोत चढवली आणि दोरखंडांनी बांधली.

टेम्पो गेल्यावर मी न राहवून विचारलं, "मामा, मला का नाही दिली?"

ते ओट्यावर बसले होते. थरथरणारे हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. "तुम्ही जिवापाड ठेवली असती, पाहुणे," ते म्हणाले. "पुसली असती, झाकली असती. नवागामच्या गल्लीमा कोठे चालाडशात? उभी ऱ्हायली असती ती."

मला राग आला होता आणि त्यांचं खरंही होतं.

मागच्या हिवाळ्यात त्या माणसानं आम्हाला कोल्हापूरला बोलावलं. मामांना प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी आणि बायको गेलो. मैदान लाल मातीचं होतं. त्यानं गाडीला नवं हँडल आणि नवे शॉक लावले होते, तेलही आता दुसरंच वापरत होता, त्यामुळे धूर कमी आणि तो वास नाहीच. ती शर्यतीत दुसरी आली. संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, एक राउंड मारा की."

मी मारला. एक नाही, तीन मारले. गाडी पूर्वीपेक्षा चांगली पळत होती. वळणावर जास्त स्थिर होती, ओढही आधीसारखीच, एकदम, सगळी. मला हेच नको होतं. ती माझ्याशिवाय सुकली असती तर मला बरं वाटलं असतं. उतरून हेल्मेट काढलं तेव्हा बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि पाण्याची बाटली पुढं केली.

परत आल्यावर मी थेट चलथाणला गेलो. मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, नवं हँडल, दुसरा नंबर, माझे राउंड. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माती कशी होती?" त्यांनी विचारलं.

"लाल. वरून भुसभुशीत."

"दुपारनंतर तशीच व्हस ती," ते म्हणाले. "सकाळी बघायला पाहिजे होती. सकाळी दव असतं, चाक असं धरतं..." आणि त्यांनी गोधडीवरून हात वर काढला, थरथरता, आणि हवेत एक वळण घेऊन दाखवलं. मग ते त्या मैदानाबद्दल बोलत राहिले. डाव्या बाजूचा उतार, त्यापुढचा खड्डा, कुठं मूठ सोडायची आणि कुठं अजिबात सोडायची नाही. आतून मामींनी दोनदा जेवायला हाक मारली. आम्ही दोघांनीही ओ दिली नाही.