मार्टिनची एक फेरी

लंडनच्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर मी एकदा आल्प्समध्ये स्कीइंगला गेले होते. त्यांतले निम्मे हॉटेलच्या गच्चीत उन्हाला वाइन पीतच बसायचे. आमचा साहेब मार्टिन दरवर्षी यायचा, पण बर्फावर क्वचितच उतरायचा.

चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "मार्टिन, तू खरा स्कीवाला नाहीसच. जेवायला येतोस इथे!"

सगळे हसले, मीही हसले. मार्टिन मात्र उठला आणि खाली वाकून बूट आवळू लागला.

"ढग उतरतोय. आज नको जाऊस," मी म्हणाले.

"एकच फेरी," तो म्हणाला.

त्याला घेऊन तारेवरून वर निघालेला पाळणा बघता बघता ढगात नाहीसा झाला. सुट्टीवर आलेल्या माणसाने खरेपणा सिद्ध कशाला करायचा, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

दोन तासांनी तो स्की खांद्यावर टाकून पायीच उतरला. ओठ निळे पडले होते.

"वर मला माझे हातसुद्धा दिसत नव्हते," एवढंच तो बोलला.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे डोंगराकडे पाठ करून जेवलो.