आत्याने न खोडलेलं पान

सभेत कुणी विचारलं, बाई, तुम्ही ऐतिहासिक कादंबरीकडे कशा वळलात, की टाचणी चष्मा पुसते आणि 'काळाची हाक' वगैरे काहीतरी ठेवून देते. टाळ्या पडतात. हाकबिक कसली! तिला त्या वाटेला लावलं तिच्या आत्याने, आणि ज्या घरात ते घडलं त्या घरात आजही तो विषय निघाला की माणसं घाईघाईने पाणी प्यायला उठतात.

टाचणी हे तिचं घरातलं नाव. अंगाने तशीच, स्वभावानेही तशीच, जाता-येता टोचणारी. पोटापाण्यासाठी ती एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची, म्हणजे लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढायची. फावल्या वेळात तिने स्वतःच्या दोन प्रेमकथा छापून घेतल्या होत्या. गोदामातल्या उंदरांखेरीज त्यांना कुणी तोंड लावलं नाही.

"प्रेम तुमच्या हाताला लागत नाही, बाई," प्रकाशक म्हणाला. "एखाद्या खऱ्या माणसाचं चरित्र आणा. लोक खऱ्याला भुलतात."

खरं माणूस घरातच होतं, मागच्या खोलीत. आत्या. तरुणपणी ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड. ह्याची वायर त्याच्या भोकात खुपसली की दोन माणसं बोलायला लागायची. मग वरचं धरण फुटलं ते साल आलं. भर दुपारी पाणी सुटलं, खालच्या वस्तीत इशाऱ्याचा फोन गेलाच नाही, आणि माणसं जेवता-जेवता वाहून गेली. ऑपरेटर बोर्ड सोडून पळाली, असं लोकांनी ठरवून टाकलं. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. आत्याची नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, आणि त्या दुपारबद्दल तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

ह्याच आत्याने टाचणीला लहानाचं मोठं केलेलं. ही बाई पळणारी नव्हे, हे टाचणीला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि छापणं वेगळं. ते एकदा आत्याच्या तोंडून यायला हवं होतं, म्हणजे तिच्यावरचा डाग तिच्या डोळ्यांदेखत पुसता आला असता. आणि घाई होती, कारण आत्याची आठवण म्हाताऱ्या उशीतल्या कापसासारखी उडत चालली होती. टाचणीच्या दादाला ती सकाळी नावाने हाक मारायची आणि संध्याकाळी विचारायची, "हे कोण गृहस्थ?"

"मीही रोज तेच विचारते," वहिनी म्हणायची. "मला कुणी डॉक्टरकडे नेत नाही."

टाचणीने विचारून विचारून पाहिलं. आत्या भिंतीकडे बघत बसायची. मग एक दिवस तिने आपल्या अंदाजाने एक पान लिहिलं आणि वाचून दाखवलं: एक्सचेंजची खोली, खोलीला खिडकी, खिडकीतून दिसणारी नदी.

"खिडकी कुठून आणलीस, मेले?" आत्या कडाडली. "तिथे वाऱ्यालासुद्धा पास लागायचा!"

टाचणीचे डोळे लकाकले. प्रश्नाला उत्तर नाही, पण चूक मात्र खपत नाही. घराण्याचं रक्तच तसं. मग तिने तो धंदाच मांडला. रोज मुद्दाम चुकीचं लिहायचं आणि वाचायचं. तिने साहेबाला मिशा चिकटवल्या, आत्याने उपटल्या. शेजारच्या ऑपरेटरला गोड गळा दिला, तर आत्या म्हणाली, "घोगरी होती ती. लोक तिला साहेब समजून घाबरायचे." पानामागून पान भरत गेलं, आणि त्यातली ओळन् ओळ आत्याने तपासलेली. प्रकाशकाने तर 'एक सत्य चरित्र' म्हणून जाहिरातही देऊन टाकली.

"खोटं बोलून खरं काढता, ताई," वहिनी म्हणाली. "तुम्ही पोलिसात जायचं, इथे कुठे अडकलात?"

शेवटी ती दुपार आली. टाचणीने लिहिलं की पाणी गुडघ्याला लागलं तरी ऑपरेटर उठली नाही, खालच्या वस्तीला रिंग देत राहिली, पण लाइनच मेली होती. आणि आत्याने खवळावं म्हणून तिने एक भिजलेलं मांजरही घातलं, ऑपरेटरने उचलून बोर्डावर ठेवलेलं. आत्याला मांजराचा भयंकर तिटकारा, नुसतं दारात दिसलं तरी शिंका सुटायच्या.

आत्या शिंकली नाही. ओरडलीही नाही. दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, "मांजर गारठलं होतं गं. त्याला बोर्डावर ठेवलं आणि रिंग देत राहिले."

टाचणीने लेखणी खाली ठेवली. मांजर तर तिने मनाने घातलेलं. मग रिंग कुणाची?

इथे थांबायला हवं होतं. पण चुका काढणाऱ्याच्या बोटांना खाज असते. तिने हिशेब केला: उलटं लिहावं, आत्या खरंच बसून राहिली असेल, तर खिडकीपेक्षा मोठ्याने कडाडेल. तिने लिहिलं की ऑपरेटरने हेडफोन काढून ठेवला आणि ती जिन्याकडे धावली.

आत्याचा ओठ हलला. "हो," ती म्हणाली. "धावले."

त्या दिवसापासून ताट समोर आलं की आत्या ते सरकवायची. "ती माणसं जेवत होती गं. मला कशाला वाढता?"

"काय वाचलंत तुम्ही त्यांना?" वहिनीने विचारलं. आता तिला कुठलीच थट्टा सुचत नव्हती. टाचणीने ते पान चुलीत घातलं, धावत जाऊन आधीचं, मांजराचं पान आणलं, आणि आत्याच्या पायाशी बसून मोठमोठ्याने वाचायला लागली. गुडघाभर पाणी, मेलेली लाइन, बोर्डावरचं मांजर.

आत्याने हात वर केला.

"खोटं लिहू नकोस. मी पळाले."

आवाज तोच, साहेबाच्या मिशा उपटणारा. ह्याच आवाजावर टाचणीने सगळं पुस्तक उभारलं होतं. आता तो खऱ्या आठवणीतून आला होता की चुलीत गेलेल्या पानातून, हे सांगणार कोण? घोगरी कधीच वारली होती, बोर्ड भंगारात गेला होता. जगात एकच साक्षीदार उरला होता आणि त्याला हिनेच पढवून ठेवलं होतं.

ती रोज मांजराचं पान वाचायची. रोज आत्या हात वर करायची. दादा कोण ते आत्या विसरली, चमचा कसा धरायचा ते विसरली, स्वतःचं नाव गेलं. तेवढं एक मात्र जाईना. वहिनीने शपथा घातल्या, दादाने लहान मुलीसारखं भरवून पाहिलं. आत्या गेली ती पळपुटी म्हणूनच गेली.

पुस्तकाचं मुखपृष्ठ तपासायला आलं, तेव्हा टाचणीने 'सत्य चरित्र' ह्यावर काट मारली आणि 'ऐतिहासिक कादंबरी' लिहिलं. प्रकाशक तणतणला. पुस्तक मात्र धो-धो खपलं. त्यातली ऑपरेटर बसून राहते, आणि वाचणारे रडतात.

त्यानंतर प्रकाशकाने कितीतरी खऱ्या माणसांची आयुष्यं तिच्यासमोर ठेवली. टाचणी सगळं नीट ऐकून घेते आणि एवढंच विचारते, "ह्यांचं मागे कुणी हयात आहे का?"

आहे म्हटलं, की ती पिशवी उचलते आणि जिना उतरायला लागते.