लाथेनं उपडं केलेलं मडकं

आमच्या घरात दारू येत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी सोडली; पाचवं शील मी शाळेत जाण्याआधी शिकले. त्यामुळे कॉलेजातली मैत्रीण रजनी म्हणाली, "माझ्या साक्षगंधाला ये, पण आम्हा गोंडांत मोहाची लागतेच," तेव्हा आई एवढंच म्हणाली, "जाय. तोंडाले लावू नको."

गोंदियाहून तिरोड्याची एसटी सकाळचीच घ्या. पुढे नागझिऱ्याकडे काळीपिवळी जीप मिळते, पण भरल्याशिवाय ती हलत नाही. एप्रिलात पाणी सोबत हवंच. गावाच्या अलीकडे एका रिसॉर्टची पाटी लागते. तिच्यावर वाघ आहे, वाघाच्या पंजात ग्लास. पाटीखाली फुटक्या बाटल्यांचा खच.

रजनीच्या आईनं अंगण सारवून मोहाच्या दारूचं मडकं मधोमध ठेवलं होतं. मुलाकडचे आले की दोन्ही घरची दारू एका भांड्यात ओततात, पहिली धार देवांसाठी जमिनीवर, मग सोयरीक पक्की. ती सांगत असतानाच मोटरसायकलवरून दोघे खाकीवाले आले.

"घरी गाळता? बेकायदा आहे, माहीत नाही?"

"पोरीचं साक्षगंध आहे, साहेब. तिकडे छत्तीसगडात तं घरापुरती चालते."

"तो वहीं जाके रहो. नाहीतर दुकानातून आणा."

"दुकानाची देव पेत नाही."

बोलणारा खाकीवाला हसला आणि मडकं लाथेनं उपडं केलं.

"रिसॉर्टवर पण जाणार का?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे लायसन आहे, मॅडम."

ते गेले. रजनी ओल्या जमिनीकडे बघत बसली. घरची दारू नसेल तर मुलाकडचे तसेच परत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग शेजारची काकू पदराखाली शिशी घेऊन आली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. घराघरातून थोडी थोडी जमली.

मुलाकडचे आले तेव्हा मुलाच्या आजोबांनी भांडं नाकाशी नेलं. "हे एका घरची नाही."

"साऱ्या गावची आहे, मामाजी," रजनीच्या आईनं खरं ते सांगितलं. "आमची पोलिसानं सांडली."

म्हाताऱ्यानं भांडं खाली ठेवलं. "मंग पोरगी बी साऱ्या गावची. जपून न्या लागंन."

त्यानं आपली दारू त्यात ओतली.

माझ्याही हातात पानाचा द्रोण आला. मी तो सगळा जमिनीवर ओतला. कोणाला राग आला नाही. "हिच्या वाटचं देवानं पेलं," काकू म्हणाली आणि माझ्या ताटात भात, वरण वाढलं.

परतताना रिसॉर्टसमोर गाडी थांबली. आत मोठ्यानं गाणी चालू होती, आणि फाटकाशी तीच मोटरसायकल उभी होती. उतरून काही बोलावं असं वाटलं. बोलले नाही, आणि तो राग अजून गेलेला नाही.

घरी आईनं ओढणीचा वास घेतला. "पेली?"

"नाही. जमिनीले देली."

"मंग एवढी काऊन तापून राहिली?"

दारू वाईट, हे मी आजही मानते. कितीतरी घरं तिनं खाल्लेली पाहिली आहेत. पण आमच्या आजोबांनी ती स्वतः सोडली होती, आई. त्यांचं मडकं कोणी लाथेनं उपडं केलं नव्हतं.